टायरचं तोंड

आमच्या घरातली सगळी माणसं आजवर दोनदाच एकत्र खरेदीला गेली. पहिल्यांदा थोरल्या बंधूंच्या लग्नाचा बस्ता बांधायला आणि दुसऱ्यांदा त्यांच्या चिरंजीवांच्या पिकअपला टायर घ्यायला. बस्ता दोन तासांत उरकला होता.

पिकअप सेकंडहँड. आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं. नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचे क्रेट पोचवायचे आणि भाडं मिळालं तर रात्री माळशेज घाट उतरून वाशी गाठायची, हे तिचं काम. पुतण्यानं गाडी दारात आणली तेव्हा कुणी इंजिनाचा आवाज ऐकला नाही, हौद्याचा पत्रा वाजवून पाहिला नाही, की कागदपत्रं मागितली नाहीत. वहिनी भाकरतुकडा ओवाळायला पुढे झाल्या, चाकावर पाणी घातलं आणि पाणी घालता घालता थबकल्या. "अगं बाई, हिच्या पायात तर काहीच नाही!"

टायर खरोखरच गोटा झाले होते. सगळ्यांनी एकदा टायरकडे पाहिलं, एकदा माझ्या डोक्याकडे पाहिलं. मी टोपी घातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही टायरच्या दुकानात. बंधू पैसे द्यायला, वहिनी पैसे देऊ नयेत म्हणून, दाजी जाणकार म्हणून आणि मी रिटायर्ड मास्तर म्हणून. शेठनं विचारलं, "साइज काय?" पुतण्या आधार नंबर सांगावा तसा म्हणाला, "दोनशे पंधरा, पंच्याहत्तर, आर पंधरा."

हे काय प्रकरण आहे ते मी शेठकडून समजावून घेतलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या गालाची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही. रुंदीच्या पंच्याहत्तर टक्के. आर म्हणजे रेडियल. आणि १५ हा डिस्कचा व्यास, तो मात्र इंचात. एका चाकावर मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तिघे जण गुण्यागोविंदानं नांदतात. मी तीस वर्षं गणित शिकवलं. एका उदाहरणात अशी तीन परिमाणं कुणी वापरली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. इथे सगळं जग त्याच्यावर बसून फिरतंय. मी तिथल्या तिथे तोंडी हिशेब केला, "गालाची उंची एकशे एकसष्ट पूर्णांक पाव मिलिमीटर." कुणी दाद दिली नाही.

मग नक्षीवरून वाद सुरू झाला. टायरच्या नक्षीचे ढोबळ दोन पंथ. लांबच लांब सरळ खाचांची ती रिब आणि आडव्या जाड गठ्ठ्यांची ती लग. रिब डांबरी रस्त्यावर सरळ चालते, लग चिखलातून वर चढते. दाजी कट्टर लगवाले. "बांधावर गाडी घालायची म्हणजे लगच पाहिजे." बंधू रिबवाले, कारण दाजी लगवाले. वहिनींनी तिसरा विचार मांडला. "नक्षी जाड नको. चिखल अडकतो आणि मग तो माझ्या अंगणात पडतो." तिघांपैकी टायर कुणाला वापरायचा होता असं दिसलं नाही.

ज्याला वापरायचा होता त्याचं लक्ष भलतीकडेच होतं. त्यानं शेठला एक टायर उभा करायला सांगितला. दहा पावलं मागे गेला. डोळे बारीक केले. म्हणाला, "जरा चालवून दाखवा." शेठनं टायर दुकानाच्या दारापासून पानटपरीपर्यंत घरंगळत नेला आणि परत आणला. पूर्वी मुलगी बघायला गेलेली मंडळी तिला चालून दाखवायला सांगत, ते दृश्य मला आठवलं. फरक इतकाच, की टायरला कुणी नाव विचारलं नाही. ते गालावरच होतं.

"रुबाब नाय," पुतण्या म्हणाला.

"रुबाब कशात असतो?" मी विचारलं.

"नाना, रुंदीत."

त्याला टायर मडगार्डच्या बाहेर दोन बोटं आलेला हवा होता. शेठनं समजावलं, तेवढा रुंद टायर बसेलही, पण माल भरून स्टेअरिंग वळवलं की मडगार्डला घासेल. पुतण्या म्हणाला, "थोडंसंच घासेल ना?" माझ्या विद्यार्थ्यांनी पस्तीस मार्कांबद्दल हाच सूर लावलेला मी ऐकलाय.

दाजींनी हळूच रिमोल्डचा विषय काढला. जुन्या टायरच्या केसिंगवर नवं रबर चढवायचं, पैसे वाचतात. वहिनींचा चेहरा उजळला, पुतण्याचा पडला. केस रंगवून बोहल्यावर चढलेल्या बिजवरासारखा टायर त्याला नको होता. शेठ म्हणाले, "अहो, विमानाच्या टायरलासुद्धा पुन्हा पुन्हा रबर चढवतात. केसिंग चांगलं पाहिजे, बस." विमानाचं नाव निघताच बंधूंनी निर्णय दिला, "नवेच द्या." विमानात बसायची त्यांना आधीच भीती होती, आता कारण मिळालं.

निघताना मला टायरच्या कडेला एक लंबगोल दिसला. त्यात इंग्रजी अक्षरं आणि शेवटी चार आकडे. शेठनं सांगितलं, ही टायरची जन्मतारीख. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला जन्म. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख शाळेतल्या मास्तरांनी अंदाजानं १ जून लिहिलेली आहे. टायरच्या बाबतीत मात्र आठवड्याचाही घोळ नाही.

नवे टायर बसले. नव्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. साच्यातली हवा बाहेर जायला भोकं ठेवलेली असतात, त्यांत रबर शिरतं आणि त्याचे हे केस होतात. उपयोग शून्य. पण पुतण्यानं ते जावळासारखे जपले. गल्लीतल्या पोरांनी उपटू नयेत म्हणून पहिले दोन दिवस गाडी गोठ्यात लावली. नारायणगावच्या चार फेऱ्यांत रस्त्याला टेकणारं जावळ आपोआप उतरलं. गालावरचं थोडं राहिलं, ते तो येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटानं हलवून दाखवी.

इथून पुढे त्याचा दिनक्रम बदलला. सकाळी उठला, की तांब्या भरून आधी टायर. नारळाच्या काथ्यानं खाचांतला चिखल काढायचा, ब्रशनं गाल घासायचे, फडक्यानं पुसायचे, मग पॉलिश. बंधू देवघरातून ओरडत, "अरे, एवढी आंघोळ गणपतीला घातली असतीस तर पावला असता." पुतण्या खालून उत्तर देई, "अण्णा, गणपती घाट उतरत नाय."

आमच्या गावात टायर चमकवण्याच्या विद्येचे घराण्यागणिक वेगळे पाठ आहेत. कुणी इंजिनातून काढलेलं काळं ऑइल लावतं, कुणी डिझेलचा बोळा फिरवतं. एकाचा बुटाच्या पॉलिशवर विश्वास आहे, त्याच्या टायरांपुढे त्याचे स्वतःचे बूट ओशाळवाणे दिसतात. एकजण खोबरेल तेल लावतो. त्याच्या गाडीमागे चालताना सणाच्या दिवशी पहाटे न्हाणीघराजवळून गेल्यासारखं वाटतं. यात डिझेल आणि ऑइल सगळ्यांत घातक, कारण ती रबरात मुरतात, ते फुगवतात आणि हळूहळू नरम करून टाकतात. पण चमक अशी येते, की दोन तास माणूस सुखात असतो. सगळ्या व्यसनांचं असंच असतं.

पुतण्यानं दुकानातलं बाटलीबंद पॉलिश आणलं. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात अर्धी बाटली चोपडली आणि सुकायच्या आत गाडी काढली. मी मागे उभा होतो, लग्नाला निघालेला, पांढराशुभ्र लेंगा घालून. चाक फिरलं. माझ्या लेंग्यावर जे ठिपके उमटले, ते वहिनींनी साबण, लिंबू, रॉकेल आणि शिव्या या चारही उपायांनी काढून पाहिले. तो लेंगा आता टायर पुसायला आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी अक्कल चालवली आणि गालाबरोबर रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीलाही पॉलिश लावलं. अंगणातून निघाल्यावर उताराला ब्रेक दाबला, तेव्हा गाडी थांबायच्या ऐवजी विचार करत करत पुढे गेली आणि उकिरड्यात टेकली. टायरला पॉलिश लावायचं ते तोंडाला, तळव्याला नाही, हे ज्ञान आमच्या घराण्याला अशा रीतीनं झालं.

हा सगळा आटापिटा काळ्या रंगासाठी. गंमत अशी, की रबर मुळात काळं नसतंच. झाडाचा चीक दुधासारखा पांढरा आणि सुरुवातीचे टायरही पांढुरकेच असत. मिशेलिन कंपनीचा तो टायरांच्या वळ्यांचा गलेलठ्ठ माणूस १८९८ साली जन्मला. तो पांढरा आहे, कारण त्या काळचे टायर फिकट रंगाचेच होते. पुढे लक्षात आलं, की रबरात काजळी मिसळली तर ते कितीतरी जास्त टिकतं, झिजत नाही, उन्हानं खराब होत नाही. ही कारखान्यातली काजळी म्हणजे तेल किंवा वायू अर्धवट जाळून धरलेली काजळी. आमची आजी तुपाच्या दिव्यावर वाटी उपडी घालून काजळ धरायची, तोच प्रकार. तिला विचारलं असतं तर टायरवाल्यांना इतकी वर्षं पांढऱ्यावर काढावी लागली नसती. बाळाच्या गालाला तीट लावायची ती दृष्ट लागू नये म्हणून. टायरला मात्र अंगभर काजळ घालून वर त्याला दृष्ट लागावी म्हणून पॉलिश करतात.

आणि तरी तो काळा राहत नाही. महिन्या दीड महिन्यात गालांवर तपकिरी छटा येते. पुतण्या ती 'मळ' म्हणून घासायचा. वास्तविक ते टायरचं स्वतःचं औषध. हवेतल्या ओझोननं रबराला चिरा पडू नयेत म्हणून कारखान्यात त्यात एक द्रव्य आणि थोडं मेण मिसळतात. ते आतून पृष्ठभागावर येत राहतं आणि हवेशी संयोग होऊन तपकिरी पडतं. चाक फिरतं, रबर दबतं-सुटतं, तसं ते बाहेर येतं. म्हणून चालत्या गाडीच्या टायरला चिरा उशिरा पडतात आणि दारात उभ्या गाडीच्या टायरला लवकर. हे मी बंधूंना मुद्दाम दोनदा ऐकवलं, कारण रिटायर झाल्यापासून ते खाटेवरून हलत नाहीत. पुतण्याला मात्र सांगितलं, की तू रोज सकाळी टायरनं रात्रभर लावलेली हळद पुसून काढतोस. तो म्हणाला, "नाना, हळद बरी दिसते, पण नवरीला. टायर काळाच पाहिजे."

एवढं करून गाडी दारात उभी राहिली, की गल्लीतला कुत्रा येतो. त्याला गावात अठ्ठावीस खांब, सहा झाडं आणि ग्रामपंचायतीची पायरी उपलब्ध आहे. पण पॉलिशचा वास गेला, की तो शांतपणे चारही टायरांची पाहणी करतो आणि डाव्या मागच्या टायरवर सही करतो. पुतण्यानं काठी ठेवली, मिरचीपूड टाकली, निळ्या पाण्याची बाटली ठेवली. कुत्र्यानं बाटलीवरही सही केली.

मग अक्षरांचं वेड आलं. टेक्सासात राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं व्हिडिओ कॉलवर त्याची पिकअप दाखवली होती. अमेरिका म्हणजे पिकअपचं माहेर. तिथे फोर्डची एफ सिरीज १९७७ पासून सगळ्यांत जास्त खपणारा ट्रक आहे. याच्या पिकअपच्या हौद्यात आमची शाळा मावली असती; होते त्यात दोन पिशव्या किराणा आणि क्रिकेटचं किट. पण टायर! गालावर ठळक पांढऱ्या अक्षरांत कंपनीचं नाव. ती अक्षरं उठावदार पांढऱ्या रबराचीच असतात आणि नवा टायर येतो तेव्हा शेजारच्या टायरचा काळा डाग लागू नये म्हणून त्यांच्यावर निळा लेप असतो, तो साबणानं धुऊन काढायचा. तो सांगत होता, की तिथे लोकांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, पांढरी अक्षरं बाहेरच्या बाजूला ठेवून टायर बसवावा. दुसरा म्हणतो, अक्षरं आतल्या बाजूला घालावीत, बाहेरून नुसता काळा टायर दिसावा, तेच सभ्य.

मी विचारलं, "आत म्हणजे कुठे?"

"गाडीच्या पोटाकडे, सर."

"मग ती वाचायची कुणी?"

तो म्हणाला, "कुणीच नाही, पण आत आहेत हे आपल्याला माहीत असतं." मला हे वाक्य त्या वेळी अमेरिकन वाटलं होतं.

पुतण्याच्या टायरवरची अक्षरं काळ्यावर काळी. त्यानं पांढरा ऑइलपेंट आणि बारीक ब्रश आणला आणि अंगणात पोतं टाकून बसला. पूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी बंधू याच जागी बसून बैलांची शिंगं हिंगुळानं रंगवत. आम्ही बैल आणायला चाकणच्या बाजाराला जायचो; आता त्याच चाकणला गाड्यांचे कारखाने आहेत. म्हणजे वाट तीच राहिली, फक्त शिंगं खाली आली. रंगकाम चांगलं झालं. क्रिकेटच्या वेडात सचिनच्या बॅटवरची 'एमआरएफ' ही तीन अक्षरं आपल्या फळीवर स्केचपेननं काढलेल्या पिढीचा तो वारस. त्या कंपनीचा धंदा १९४६ साली मद्रासला खेळण्यातले फुगे बनवण्यापासून सुरू झाला, हे मी त्याला सांगितलं. म्हटलं, हवा भरून विकायची, एवढंच खरं. पुतण्याच्या टायरवरचं नाव मात्र गाडी थांबते तेव्हा हमखास उलटं असतं. ते सुलट दिसावं म्हणून तो गाडी लावताना तीनदा मागेपुढे करतो. चारही चाकांवरची नावं एकाच वेळी सुलट येण्याचा योग अजून आलेला नाही, पण प्रयत्न चालू आहेत आणि डिझेलही.

दसऱ्याला तर पर्वणी. खंडेनवमीला चारही टायरांना हळदीकुंकवाची बोटं, झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू. चाकाच्या मध्याला रंगीत गोंडा, तो फिरता फिरता धूळ झटकतो. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टा बसवत, त्याला आपल्याकडे 'धाव' म्हणतात. केवढा अर्थाचा शब्द! टायरला तेच नाव दिलं असतं तर लोकांचं निदान लक्ष राहिलं असतं, की ही वस्तू बघण्यासाठी नसून धावण्यासाठी आहे.

कारण या सगळ्या शृंगारात एक गोष्ट राहून गेली होती. हवा. पुतण्या हवा तपासायचा ती लाथ मारून. 'ठण' आवाज आला की बरोबर, 'भद' आला की कमी. रेडियल टायर योग्य हवेतही खाली थोडा फुगीरच दिसतो, त्यामुळे बघून कळत नाही आणि लाथेनं तर पायाचं हाड किती मजबूत आहे एवढंच कळतं. हवा कमी असली की टायर दोन्ही कडांना झिजतो, जास्त असली की मधोमध. अलाइनमेंट बिघडलं, की पुढची चाकं सरळ न चालता फेंगडी चालतात आणि एकच बाजू खातात. खाचांच्या तळाशी जागोजागी बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांना टेकली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली. कायद्यानं मोटारीचा टायर त्याखाली चालत नाही. पण हे सगळं तळव्यावर. तळवा बघायचा तर खाली बसावं लागतं, आणि पुतण्याला गाडी दहा पावलांवरून बघायची सवय.

याच सुमारास त्याच्यासाठी स्थळ आलं. हल्ली शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळणं किती अवघड आहे, हे मी सांगायला नको. पूर्वी आधी मुलगी दाखवत. आता आधी घर बघून जातात. मुलीचे वडील येणार म्हणून आठ दिवस घराला रंग, वहिनींच्या भांड्यांना चिंच आणि टायरांना दुहेरी पॉलिश. गाडी अशी उभी केली, की फाटकातून येणाऱ्याला आधी टायर दिसावा, मग घर. नावंही चारपैकी तीन सुलट आली. शुभशकुन समजलो.

पाहुणे आले. उंच, सडपातळ, कमी बोलणारे. बावीस वर्षं त्यांनी टेम्पो चालवला होता, ही माहिती मध्यस्थानं आम्हाला द्यायची राहिली होती. त्यांनी विहीर पाहिली, टोमॅटोचा मांडव पाहिला आणि चहाला बसायच्या आधी पिकअपपाशी थांबले. पुतण्याचा श्वास छातीत मावेना. पाहुणे टायरच्या तोंडाकडे एकदाही न बघता उकिडवे बसले. आमचे वडील बैल घेताना त्याच्या तोंडात हात घालून दात बघायचे, तसा त्यांनी पुढच्या चाकामागे हात घातला आणि अंगठ्याचं नख आतल्या कडेच्या खाचेत फिरवलं. मग उठले, हात झटकले आणि आमच्याकडे वळून म्हणाले,

"बाहेरून फार छान ठेवलंय. पण आतल्या बाजूनं खाल्लंय."

अंगणात शांतता पसरली. बंधूंना सोसायटीचं कर्ज आठवलं. वहिनींची नजर पडद्यामागच्या खोलीकडे गेली, जिथे आठ दिवसांतला सगळा पसारा कोंबलेला होता. मला माझा साखरेचा रिपोर्ट आठवला. दाजींना काय आठवलं ते माहीत नाही, पण ते उठून पाणी प्यायला गेले. सगळ्या घराला एकाच वाक्यात असं ओळखणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"अलाइनमेंट करून घ्या," पाहुणे म्हणाले, "मग या आमच्याकडे."

अलाइनमेंट झालं, हवा काट्यावर मोजून भरली, पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घातले. आणि पंधरा दिवसांनी आम्ही पिकअपमधूनच त्यांच्याकडे पोह्यांना गेलो. केबिनमध्ये बंधू आणि वहिनी, मी आणि दाजी हौद्यात क्रेटवर. पोहे झाले. मुलीला म्हटलं, बाई, तुला काही विचारायचं असेल तर विचार. मुलगी बी.एस्सी. झालेली. पगार, पुणे, वेगळी चूल, असल्या कुठल्याही प्रश्नाची आम्ही उत्तरं पाठ करून गेलो होतो. तिनं पुतण्याकडे सरळ पाहिलं आणि विचारलं,

"स्टेपनीत हवा असते का?"

स्टेपनी या शब्दाची जन्मकथा मला नंतर वाचायला मिळाली. सुरुवातीच्या मोटारींबरोबर जादा चाक नसायचंच. वेल्समधल्या लानेली गावी, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर, डेव्हिस बंधूंनी १९०४ साली असं जादा चाक विकायला काढलं आणि रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं. त्यांच्या देशातून तो शब्द केव्हाच गेला. आपल्याकडे मात्र घरोघर आहे. पिकअपची स्टेपनी हौद्याच्या खाली, मागच्या अंगाला पोटाशी टांगलेली असते. तिच्याकडे कुणी बघत नाही. तिला पॉलिश नाही, गोंडा नाही, दसऱ्याला कुंकवाचं बोट नाही. माळशेजच्या धुक्यात, रात्री दीड वाजता, पन्नास क्रेट अंगावर असताना टायर बसतो तेव्हाच तिची आठवण होते. टेम्पोवाल्याची मुलगी ती. वडील घरी येण्याची वाट बघत अशा किती रात्री तिनं काढल्या असतील, हे मला हौद्यातून परत येताना सुचलं. त्या क्षणी मात्र मी पुतण्याच्या तोंडाकडे बघत होतो. दाजी त्याला डोळ्यांनी 'हो म्हण, हो म्हण' खुणावत होते.

पुतण्या म्हणाला, "नसते."

मुलीचे वडील पहिल्यांदा हसले. मुलगी हसली नाही, पण पोह्यांची रिकामी बशी उचलताना तिनं पुतण्याला आणखी हवेत का विचारलं, आणि आमच्या वहिनींच्या शास्त्राप्रमाणे हा होकारच असतो.

परत येताना पुतण्यानं पहिल्या पेट्रोलपंपावर गाडी थांबवली, खाली झोपून स्टेपनी काढली आणि काट्यावर मोजून हवा भरून घेतली. मला बरं वाटलं. म्हटलं, पोरगं शहाणं झालं, तोंडावरून तळव्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात घासल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघतो तर पुतण्या माझ्या जुन्या लेंग्यानं स्टेपनी पुसतोय. शेजारी पॉलिशची बाटली, पांढरा रंग, बारीक ब्रश. अक्षरं अर्धी रंगवून झाली होती.

"अरे, ती गाडीखाली जाणार," मी म्हटलं. "दिसणार कुणाला?"

"कुणाला नाय," तो म्हणाला आणि पुढचं अक्षर रंगवायला लागला.

कुत्रा थोड्या अंतरावर बसून वाट बघत होता.